चातुर्मासात चहा सोडला आणि थायरॉइडचा रिपोर्ट उलटा झाला? (गोळी पोटात गेल्यावर होतं तरी काय)

अर्धा कप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आईचं वय ६८, थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. मागच्या वर्षी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो) सारखा वरच यायचा म्हणून डॉक्टरांनी ७५ ची १०० केली, तरी आकडा काठावरच. त्यात आषाढी एकादशीला आईने चातुर्मासाचा नेम धरला आणि चहा सोडला. आमच्याकडे आजवर वांगं, कांदा, लसूण असलं काय काय सुटलंय पण चहा सुटेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बरं, आता दसऱ्याच्या सुमारास तिला धडधड व्हायला लागली, हात थरथरतात, रात्री झोप नाही. रिपोर्ट काढला तर टीएसएच पार तळाला, ०.१ च्याही खाली. गोळी तीच, कंपनी तीच, डोस तोच.

फरक म्हणाल तर एवढाच की आधी ती पहाटे उठून गोळी घ्यायची आणि त्यावर लगेच दुधाचा आल्याचा चहा. आता गोळी आणि नुसतं गरम पाणी, नाश्ता थेट आठला. बाबांचं म्हणणं, चहा सुटल्याने बिघडलंय तर चहा चालू करणे हाच उपाय (त्यांना एकट्याने प्यायचा कंटाळा आलाय हे खरं कारण).

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, त्यामुळे डोसचा सल्ला नकोय, मला फक्त समजून घ्यायचंय. कपभर चहा गोळीची एवढी वाट लावू शकतो का? आणि जोडीला दुसरा प्रश्न, सर्दीची सेट्रिझिन घेतली की मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवा आणि बायको तीच गोळी घेऊन घाटातून गाडी चालवते. हे कसं काय?

उगाच एक

पहिला! चहाची बदनामी करणाऱ्या धाग्याचा जाहीर निषेध. काका, तुम्ही एकटे नाही आहात.

तिरफळ

माझ्या मावशीचं सेम झालं होतं, फक्त चहाऐवजी कॅल्शियमची गोळी. सकाळी डबीतून सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घ्यायची आणि एका घोटात सगळ्या आत. डॉक्टर डोस वाढवतायत, रिपोर्ट काही हलत नाही. शेवटी सुनेने कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर ढकललं तेव्हा गाडी रुळावर आली.

निवडुंग

चहाने गोळी अडते वगैरे व्हॉट्सॅप विद्यापीठ वाटतंय. आपल्याकडे लाखो बायका चहाबरोबर गोळ्या घेतात, सगळ्यांचे रिपोर्ट बिघडलेत का? लॅब बदलून परत टेस्ट करा आधी.

फार्मसीवाली

लॅबची शंका घ्यायला हरकत नाही पण इथे लक्षणं आणि आकडा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. मी औषध बनवायच्या बाजूची, डॉक्टर नाही, तेव्हा आधीच सांगते की डोसबद्दल एक अक्षर बोलणार नाही. बाकी बडबड करते.

थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आणि ही बाई भलती नाजूक. अगदी रिकाम्या पोटी घेतली तरी ६० ते ८० टक्केच रक्तात जाते, तीही लहान आतड्यातून. आधी ती पोटातल्या आम्लात नीट विरघळायला लागते, मग आतड्यात तिला मोकळी वाट लागते. त्या वाटेत कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियमचं अँटासिड, सोयाबीन किंवा भरपूर फायबर भेटलं की ती त्यांना चिकटते आणि बरोबर खाली निघून जाते. म्हणून तिरफळच्या मावशीला चार तासांचं अंतर ठेवायला लागलं. कॉफीवर तर इटलीतल्या लोकांनी २००८ मध्ये रीतसर पेपर लिहिलाय, एस्प्रेसोबरोबर गोळी घेणाऱ्या पेशंटांचं शोषण कमी होतं हे मोजून दाखवलंय. चहावर तेवढं काम नाही, पण आपला चहा म्हणजे अर्ध्याहून जास्त दूधच की, आणि दुधात कॅल्शियम आलंच.

निवडुंग, लाखो बायका चहाबरोबर घेतात हे खरं आहे आणि त्यांचे रिपोर्ट नीटही येतात. कारण डॉक्टर आकडा बघून डोस लावतो ना, म्हणजे तो डोस चहासकटच बसवलेला असतो. काकूंच्या बाबतीत १०० ची गोळी चहासकट बसवली होती, चहा गेला आणि तेवढीच गोळी अंगाला जास्त लागली. माझा अंदाज हा, बाकी सोमवारी कळेलच.

अर्धा कप

अरे देवा. म्हणजे बाबा बरोबर निघाले? हे घरात कळता कामा नये.

उगाच एक

काकांना धागा फॉरवर्ड केला आहे.

हायवेकर

सेट्रिझिनचं मी सांगतो. माझं निम्मं आयुष्य गाडीवर गेलंय. आमच्यात नियम आहे, सर्दीची कुठलीही गोळी घेतली की त्या रात्री स्टिअरिंगला हात नाही. एकाला काही होत नाही आणि दुसरा टोलनाक्याच्या रांगेत घोरतो, आधी सांगता येत नाही. माझा अंदाज, ज्याचं लिव्हर स्ट्राँग त्याला झोप कमी. पिणाऱ्यांना कमी येते असंही बघितलंय.

फार्मसीवाली

हायवेकर, नियम सोन्याचा आहे, कारण मात्र वेगळं. सेट्रिझिनला लिव्हर फारसं हातच लावत नाही, ती बहुतेक जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. तिच्यासाठी किडनी महत्त्वाची, म्हणून वय झालेल्या किंवा किडनी मंद असलेल्या माणसाला डोस कमी करतात. आणि पिणाऱ्याने ही गोळी घेतली तर गुंगी वाढते, कमी होत नाही, ते डोक्यातून काढून टाका.

झोपेचा मामला मेंदूतला आहे. मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं, सर्दीच्या जुन्या गोळ्या (सीपीएम वगैरे) मेंदूत शिरून त्यालाच गप्प करतात. सेट्रिझिन त्यामानाने कमी शिरते, फेक्सोफेनाडिन जवळपास नाहीच, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो तो तिला बाहेर फेकतो. आता कुणाच्या मेंदूत किती शिरते आणि तिथे किती भिनते हे माणसागणिक बदलतं. रक्तात दोघांच्या सारखंच औषध असेल तरी अर्धा कप आडवा आणि वहिनी घाटात. शरीर औषधाचं काय करतं हा एक भाग झाला, औषध शरीराचं काय करतं हा दुसरा, आणि दोन्ही माणसागणिक वेगळे.

त्रिकटू

म्हणजे व्यक्ती तितक्या प्रकृती. आमच्या आज्या सांगून गेल्या, तुम्ही आता पेपर लिहिताय. आयुर्वेदात औषध कशाबरोबर घ्यायचं याला अनुपान म्हणतात, मध, तूप, कोमट पाणी, ताक, प्रत्येकाचा परिणाम वेगळा. आणि कितीतरी काढ्यांत, चूर्णांत सुंठ-मिरी-पिंपळी का घालतात याचं उत्तर ॲलोपॅथीकडे आहे का?

निवडुंग

आला. थायरॉइडच्या धाग्यावर बाविसाव्या प्रतिसादाच्या आत आयुर्वेद येतो हा माझा नियम आहे, आज फारच लवकर आला.

फार्मसीवाली

निवडुंग, थांब जरा, त्रिकटू यांनी नेमक्या माझ्या आवडीच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. उत्तर आहे आणि भारतातलंच आहे. मिरी-पिंपळीतला पायपरिन हा पदार्थ आतड्यातला तोच बाहेर फेकणारा पंप आणि लिव्हरमधली काही एन्झाइम्स दाबून ठेवतो, त्यामुळे बरोबर घेतलेलं दुसरं औषध रक्तात जास्त पोचतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या लोकांनी १९९८ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर पायपरिन दिलं तर माणसांत त्याचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेलं दिसलं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने हीच युक्ती टीबीच्या रिफॅम्पिसिनवर लावली, कॅडिलाने २००९ मध्ये रायसोरिन नावाची कॅप्सूल आणली, त्यात नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि थोडं पायपरिन.

पण हेच उलटंही समजून घ्या. पायपरिन फक्त चांगल्या औषधाला आत सोडतं आणि बाकीच्यांना दारात थांबवतं असं नाही, ते भेदभाव करत नाही. जो माणूस फिटची गोळी घेतोय आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रोज पिंपळी चूर्ण चालू करतोय त्याने डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. 'आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

त्रिकटू

या उत्तराबद्दल मंडळ आभारी आहे. निवडुंग यांनी चहा पाजावा.

निवडुंग

पाजतो. गोळी घेतल्यावर तासाभराने या.

रानजाई

मला एक बेसिक शंका. छातीत दुखल्यावरची सॉर्बिट्रेट जिभेखाली का ठेवायची असते? सासऱ्यांच्या खिशात असते, आणि ते म्हणतात पाण्याबरोबर गिळली तर काय फरक पडतो, शेवटी पोटातच जायचं.

फार्मसीवाली

नाही ना, पोटात जायचंच नाहीये, तेवढ्यासाठीच तर जीभ. आतड्यातून शोषलेलं सगळं रक्त हृदयाकडे जायच्या आधी एका मोठ्या शिरेने लिव्हरकडे जातं. लिव्हर म्हणजे आपला जकात नाका समजा, प्रत्येक औषधाकडून जाताजाता काहीतरी काढून घेणार. काहींचं किरकोळ जातं. सॉर्बिट्रेटमधलं औषध मात्र गिळलं तर सरासरी चतुर्थांशच पलीकडे पोचतं, बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलचंही साधारण तसंच. जिभेखालच्या शिरा नाका टाळून थेट हृदयाकडे जातात, म्हणून काही मिनिटांत छातीला आराम. सासऱ्यांना सांगा, बसून घ्यायची (बीपी एकदम पडतं, उभं असताना चक्कर येते) आणि आराम नाही पडला तर पुढची गोळी शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

पॅच, इंजेक्शन, नाकातला स्प्रे यांनीही नाका टळतो. इन्सुलिनची गोष्ट आणखी वेगळी, ते प्रथिन आहे, गिळलं तर डाळ पचते तसं पचूनच जाईल, नाक्यापर्यंत पोचणारच नाही.

उगाच एक

जकात तर बंद झाली.

हायवेकर

बाकी महाराष्ट्रात २०१३ ला जकातीऐवजी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, मुंबईत मात्र २०१७ ला जीएसटी येईपर्यंत नाके चालू होते. मुलुंड चेकनाक्याला घालवलेल्या रात्रींचा हिशेब मागू नका. लिव्हरवाल्या नाक्यावर चिरीमिरी चालते का?

मेपल पान

चालते की! आमच्या कॅनडात शोध लागलाय त्याचा. लंडन नावाचं गाव आहे ओंटारिओत, तिथले डेव्हिड बेली म्हणून संशोधक बीपीच्या फेलोडिपिन गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. निकाल बघतात तर रक्तात गोळी अपेक्षेच्या कितीतरी पट, आणि दारू न दिलेल्या गटातही तेच, म्हणजे दारूचा संबंधच नाही, करामत रसाची. १९८९ चं हे. आतड्याच्या भिंतीतच एक एन्झाइम असतं जे बऱ्याच गोळ्यांची तिथल्या तिथे कापाकापी करतं, ग्रेपफ्रूट त्यालाच गारद करतं. इथे औषधाच्या बाटलीवर स्टिकर येतो, ग्रेपफ्रूट खाऊ नका म्हणून.

माझ्या नवऱ्याला कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाली तेव्हा फार्मसिस्टने पहिला प्रश्न हाच विचारला होता. आम्ही म्हटलं बाबा आम्ही पोहे खातो.

रानजाई

आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातंय. पण पपनस? आमच्या कोकणात गणपतीत असतंच.

फार्मसीवाली

पपनस ग्रेपफ्रूटचं सख्खं नातेवाईक, किंबहुना एक पालकच (दुसरा पालक संत्र्यासारखं गोड फळ). तेच पदार्थ त्याच्यातही असतात. किडनी बदललेल्या पेशंटला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल तर पपनस पूर्ण बंद. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावं, रोसुवास्टॅटिनला हा त्रास नाही. आणि इथे 'दोन तासांनी खातो' हा उपाय चालत नाही, कारण ते एन्झाइम कायमचं निकामी होतं, आतड्याला नवीन बनवायला दिवस-दोन दिवस लागतात. थायरॉइडच्या गोळीला अंतर पुरतं, इथे नाही. साधं संत्रं, मोसंबी खुशाल खा.

गंमत म्हणजे सर्दीच्या फेक्सोफेनाडिनचं बरोब्बर उलटं. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती कमी शोषली जाते. साध्या पाण्याबरोबरच घ्या.

मनीमाऊ

प्राण्यांचं कुणी बोलेना म्हणून मी. मांजराला ताप आला म्हणून क्रोसिनचा तुकडा देऊ नका!! कधीच!! मांजराच्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉल निकामी करायची जी मुख्य पद्धत असते ती जवळपास नसतेच, एका गोळीत जीव जातो. आमच्या सोसायटीत एका ताईंनी प्रेमापोटी दिली होती, मांजर वाचलं नाही.

तिरफळ

गिधाडांचं पण तेच ना? डायक्लोफिनॅक.

मनीमाऊ

हो. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर तुटून पडायची आणि किडनी फेल होऊन मरायची. आपण पाठ दुखली की तीच गोळी घेतो आणि दोनेक तासांत रक्तातली निम्मी संपलेली असते, गिधाडाला ती झेपतच नाही. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण कळलं, २००६ ला भारतात जनावरांसाठी बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. दुखण्यावरचंच दुसरं औषध, मेलॉक्सिकॅम, त्यांना चालतं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला अजून काही आहेत, जाऊन बघा.

उगाच एक

थायरॉइड ते गिधाड, तीन डझन प्रतिसादांच्या आत. धागा योग्य मार्गाला लागला आहे.

नांदेडकर

जातीवरून औषध बदलतं हे कुणाला माहितेय का? ऐका मग. आमच्या शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी आले, दमा आहे का, दात हलतात का विचारलं आणि मग हळूच, तुम्ही कोमटी समाजातले का? काका भडकले, भूल द्यायला जात कशाला पाह्यजे म्हणून हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. मुलगा धावत आला, डॉक्टर बिचारे समजावून समजावून थकले.

कारण असं की नळी घालताना स्नायू ढिले करायला एक इंजेक्शन देतात, सक्सिनिलकोलिन. साधारण माणसात पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते पटापट तोडतं. आर्य वैश्य (म्हणजेच कोमटी) समाजात काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच कमी किंवा नसतं, मग तेच इंजेक्शन तासन्तास उतरत नाही, श्वासाचे स्नायूही ढिलेच, तोवर माणूस व्हेंटिलेटरवर ठेवायचा. एरवी त्या माणसाला आयुष्यात काही त्रास नसतो, भूल द्यायची वेळ येईपर्यंत कळतही नाही. आमच्याकडे नांदेड, पुढे तेलंगणात हा समाज पुष्कळ आहे म्हणून इकडचे डॉक्टर विचारतातच. काकांना दुसरं इंजेक्शन दिलं, ऑपरेशन झकास झालं. आता तेच सगळ्या भावकीला सांगत फिरतात की डॉक्टरला आधी सांगा.

निवडुंग

हा प्रतिसाद आवडला. असल्या गोष्टींसाठीच धागे वाचतो.

फार्मसीवाली

मस्त लिहिलंय नांदेडकर. असे वारसाहक्काने आलेले फरक बरेच आहेत. टीबीचं आयसोनायझिड घ्या, काही लोकांचं लिव्हर ते झटपट संपवतं, तासाभरात निम्मं, काहींना त्याला तिप्पट वेळ लागतो. आपल्याकडे हे सावकाशवाले निम्म्याहून जास्त. त्यांच्या हातापायांना मुंग्या यायची शक्यता जास्त, म्हणून बरोबर बी-६ ची गोळी देतात.

कोडीन तर त्याहून वेगळं. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही, लिव्हरमध्ये त्याचं मॉर्फिन होतं तेव्हा काम सुरू. काहींच्यात ते होतच नाही, मग 'हे औषध बंडल आहे'. काहींच्यात इतक्या वेगाने होतं की लहान पोराचा श्वास थांबू शकतो, म्हणून अमेरिकेत २०१७ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन नाहीच. घरात मोठ्या माणसाची खोकल्याची जुनी बाटली असेल तर त्यातला चमचाभर पोराला देऊ नका, प्लीज.

स्टेंट घातल्यावर गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेल पण अशीच, लिव्हरने तयार केल्याशिवाय चालत नाही. त्यात बरोबर ॲसिडिटीची ओमेप्राझोल दिली तर ती तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवते, म्हणून बहुतेक डॉक्टर पँटोप्राझोल देतात.

हायवेकर

माझे वडील बिडी ओढायचे, दम्याची डेरिफायलिन चालू होती. ॲडमिट केलं, बिडी बंद, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ आणि छातीत धडधड. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि म्हणाले बिडी सुटल्यामुळे. आम्हाला वाटलं डॉक्टर चेष्टा करतात.

फार्मसीवाली

चेष्टा नाही. धुरातले काही पदार्थ लिव्हरचं एक एन्झाइम वाढवून ठेवतात, तेच थिओफायलिनही (डेरिफायलिनमधलं औषध) संपवतं. धूर बंद झाला की एन्झाइम काही दिवसांत खाली येतं आणि तोच डोस जास्त व्हायला लागतो, काकूंच्या चहासारखंच. यात निकोटिनचा हात नाही, धुराचा आहे, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. त्यांचे बाकीचे हिशेब वेगळे आहेत.

उगाच एक

आणि दोन पेगनंतर क्रोसिन? मित्रासाठी विचारतोय.

फार्मसीवाली

मित्राला सांग, पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर निमूटपणे निकामी करून लघवीवाटे घालवतं, पण थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. त्याला आवरायला लिव्हरकडे ग्लुटाथायोनचा साठा असतो. रोज पिणाऱ्याचं विष बनवणारं एन्झाइम वाढलेलं असतं आणि साठा आटलेला. एखाद्या लग्नातल्या दोन पेगांवर एक गोळी म्हणजे आकाश कोसळत नाही, पण रोजचा कार्यक्रम असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जा, डोकेदुखी नंतर बघू. आणि धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, सर्दीच्या मिक्स गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं.

उगाच एक

मित्र गंभीर झाला आहे.

तिरफळ

अवांतर पुरे, माझा खरोखरचा प्रश्न. थायरॉइडची रिकाम्या पोटी, आणि ॲसिडिटीची पॅनही रिकाम्या पोटी. मावशीच्या चिठ्ठीवर दोन्हींपुढे तेच लिहिलंय. सकाळी एकच रिकामं पोट असतं, दोघी कशा बसवायच्या?

फार्मसीवाली

हा प्रश्न निम्म्या महाराष्ट्राचा आहे. पहिली थायरॉइडची, पाण्याबरोबर. अर्ध्या तासाने पॅन, तिच्यानंतर अजून अर्ध्या तासाने नाश्ता. पॅनला रिकामं पोट का, तर पोटातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी जाग्या पंपांनाच पकडते, म्हणून जेवणाच्या थोडं आधी रक्तात हजर हवी. रक्तातून ती दोनेक तासांत निम्मी होते, पण पकडलेले पंप कायमचे बंद, नवीन बनेपर्यंत आम्ल कमी, म्हणून दिवसातून एकदा पुरते. ॲस्पिरिनचंही तसंच, रक्तातून अर्ध्या तासाच्या आत निम्मं गायब पण प्लेटलेट जगेल तोवर, आठवडाभर, परिणाम टिकतो. दात काढायच्या आधी डेंटिस्ट विचारतो ते त्यासाठी (स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही).

आणि तिरफळ, मावशींची पॅन नव्याने चालू झाली असेल तर थायरॉइडच्या डॉक्टरांना सांगा. पोटात आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही, ती लागते कमी.

अर्धा कप

मंडळी, जाऊन आलो. फार्मसीवाली ताईंचा अंदाज बरोबर. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, खाण्यापिण्यात काय बदललं? आई म्हणाली काही नाही. मी म्हटलं चहा. डॉक्टर हसले. ईसीजी काढला, ठीक आहे. डोस परत ७५ केला, वर धडधड थांबायला थोड्या दिवसांसाठी एक गोळी. मी विचारलं परत टेस्ट कधी, पुढच्या आठवड्यात करू का, तर म्हणाले सहा ते आठ आठवड्यांनी, आधी करून पैसे घालवू नका. हे कळलं नाही, एवढा वेळ का?

आणि कार्तिकीनंतर चहा चालू होणारच आहे, आईने स्वतः जाहीर केलंय. मग काय करायचं?

फार्मसीवाली

ही गोळी शरीरात निम्मी व्हायला साधारण सात दिवस घेते. कुठलंही औषध रक्तात नव्या पातळीवर स्थिर व्हायला अशा चार-पाच फेऱ्या लागतात, म्हणजे पाचेक आठवडे. त्यानंतर टीएसएच सावकाश जुळवून घेतो. मधेच काढलेला आकडा ना आधीचा ना नंतरचा. आणखी एक, ती सात दिवसवाली असल्यामुळे एखाद्या दिवशी विसरली तर आकाशपाताळ एक करायची गरज नाही.

चहाचं म्हणाल तर दोन रस्ते. एक, पहाटे गोळी आणि चहा तासाभराने. दुसरा, डॉक्टर हो म्हणाले तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीनेक तासांनी. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये हे करून बघितलंय, तेच लोक काही महिने सकाळी, काही महिने रात्री, रात्रीचे आकडे जरा बरेच आले. काकू कॅल्शियम घेत असतील तर ते मग दुपारी. जे कराल ते रोज तसंच करायचं, आणि कार्तिकीनंतर बदल केला तर ती तारीख लिहून ठेवून डॉक्टरांना सांगायची.

अर्धा कप

आई म्हणते रात्री जमेल, कारण सकाळी तासभर चहाकडे बघत बसणं तिला जमणार नाही. डॉक्टरांना फोन करून विचारतो.

रानजाई

ताई, जाता जाता माझंही बघा. सासऱ्यांना झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची ॲसिट्रोम आहे. कुणीतरी सांगितलं पालक-मेथी बंद, तेव्हापासून जेवणात हिरवं पान नाही, वैतागलेत. खरंच बंद?

फार्मसीवाली

बंद नाही. ती गोळी व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं, एवढं खरं. पण डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघूनच बसवतात, त्यामुळे एक आठवडा शून्य आणि पुढच्या आठवड्यात मेथीचे ठेपे, पालक पनीर, अळूचं फदफदं असं नको, थोडी थोडी नियमित चालते. आता बरेच दिवस पूर्ण बंद आहे म्हणताय तर डॉक्टरांना सांगून चालू करा आणि त्यानंतर आयएनआर लवकर तपासून घ्या. दुखण्यावरची कुठलीही गोळी मात्र दुकानातून परस्पर आणायची नाही, तिथे रक्तस्राव होऊ शकतो.

रानजाई

आज संध्याकाळीच फोन लावते त्यांना. मेथी निवडायला घेतली तर चालेल का, परवानगी येईपर्यंत?

उगाच एक

निवडायला चालेल. खायला आयएनआर लागतो.